अण्णा ३१ मे ला निवृत्त होतायत, करार मात्र २०३६ पर्यंत आहे

पत्र असं आहे:

“सर, मी राज्य शासनाच्या एका महामंडळात उपअभियंता आहे. दीड वर्षापूर्वी बदलीने पीपीपी (सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतले प्रकल्प) कक्षात आले. आमच्याकडे पूल, वाहनतळ, बसस्थानक असे एकूण नऊ करार आहेत. सगळ्यात जुना २००६ चा, तीस वर्षांचा. कक्षात सगळं माहीत असलेला माणूस एकच, आमचे सहायक अधीक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते येत्या ३१ मे ला निवृत्त होतायत. गेल्या महिन्यात कंपनीच्या माणसाने बैठकीत २०११ च्या एका पत्राचा दाखला दिला. ते पत्र कुणालाच सापडेना. अण्णांनी दहा मिनिटांत काढून दिलं, तेही भलत्याच नस्तीतून (फायलीतून). त्या दिवशी साहेबांनी मला ‘नॉलेज मॅनेजमेंट’चं काम दिलं. एका सल्लागार कंपनीने पोर्टलचं सादरीकरणही केलंय. अण्णा म्हणतात, लिहून ठेवलं की अडकलोच म्हणून समजा. हातात चार महिने आहेत. सुरुवात कुठून करू?”

— एक उपअभियंता

पोर्टलचं नंतर बघू. आधी अण्णांचं.

३१ मे ही आपल्या कचेऱ्यांची जुनी आपत्ती आहे. एका पिढीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लावल्या. एक तारखेचा जन्म म्हणजे निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस. त्यामुळे दरवर्षी ३१ मे ला संध्याकाळी नारळ, शाल, फोटो, आणि १ जूनला कचेरीत कुणालाच काही माहीत नसतं. तुम्हाला हे चार महिने आधी सुचलं, हेच पुष्कळ झालं. मला स्वतःला हे शहाणपण निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं.

आता नऊच्या नऊ करार अण्णांकडून काढून घ्यायच्या मागे लागू नका. तीन निवडा. एक २००६ चा. दुसरा तो, ज्यात आत्ता पैशाचा वाद चालू आहे. तिसरा तो, ज्याबद्दल कंपनीची पत्रं सगळ्यात गोड असतात. हसू नका, गोड पत्रं वकिलाने लिहिलेली असतात.

आठवड्यातून एक वार ठरवा, म्हणजे बुधवारी चार वाजता, करार उघडा टेबलावर ठेवून दीड तास. अण्णांना ‘सगळं सांगा’ म्हणालात तर ते काहीच सांगणार नाहीत. कारण त्यांना काय काय माहीत आहे हे त्यांनाच माहीत नाही. पान उलटत जा आणि एकच विचारा: ‘हे असं का लिहिलंय?’ ‘कुठे आहे’ हा प्रश्न नंतर शिपाईही सोडवील. ‘का’चं उत्तर मात्र माणसाबरोबर घरी जातं.

माझ्या नोकरीतलं एक सांगतो. एका पुलाच्या करारात जोडरस्त्याची लांबी ‘अंदाजे ८०० मीटर’ अशी होती. प्रत्यक्षात ती ९६० भरली, आणि कंपनीने वाढीव कामाचे पैसे मागितले. आम्ही सगळे त्या ‘अंदाजे’ शब्दाकडे बघत बसलो. हा शब्द कुणी घातला, का घातला, एकालाही सांगता येईना. शेवटी एका निवृत्त आरेखकाच्या घरी गेलो. तो अंगणात पापड उचलत होता. न थांबता म्हणाला, “अहो, निविदापूर्व बैठकीत सगळ्यांनी तेच विचारलं होतं. मोजणी व्हायची होती. आपण लेखी उत्तर दिलं होतं, की कमी-जास्त भरेल ते बोलीदाराने गृहीत धरावं.” ते लेखी उत्तर निघालं. कराराच्या नस्तीत नव्हतं, निविदेच्या नस्तीत होतं. आणि ती निविदेची नस्ती वर्गीकरण करताना कुणीतरी खालच्या वर्गात टाकली होती, नाश करायच्या यादीत तिचा नंबर लागलेला होता. आम्ही तीन आठवडे उशिरा गेलो असतो तर ती लगद्यात गेली असती.

यातून मी दोन गोष्टी शिकलो, त्या तुम्ही फुकट घ्या.

पहिली: करारनामा म्हणजे स्टँप पेपरला टाचलेला गठ्ठा एवढाच नव्हे. निविदा, शुद्धिपत्रकं, निविदापूर्व बैठकीतली प्रश्नोत्तरं, स्वीकृतीपत्र, परिशिष्टं, नकाशे आणि नंतरचे पूरक करार, हे सगळं मिळून करार होतो. तुमच्या कक्षात प्रत्येक कराराच्या तीन-चार प्रती फिरत असतील आणि त्यातली एखादी मसुद्याची असेल. सह्या असलेली मूळ प्रत शोधा, लेखा शाखेतल्या प्रतीशी पानापानाने ताडून बघा. परिशिष्टं हमखास गायब असतात, कारण नकाशे मोठ्या कागदावर असतात आणि झेरॉक्सवाल्याकडे गेलेला नकाशा परत येत नाही. स्कॅन रंगीत करा. हद्दीची लाल रेघ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये नाल्याच्या रेघेसारखीच दिसते.

दुसरी: वर्गीकरण, म्हणजे कुठली नस्ती किती वर्षं जपायची ते. आपल्याकडे ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा आणि ‘ड’ वर्षभराचा, हे तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षांचा करार बघून कारकून सरळ ‘ब’ लिहितो. त्याला वाटतं, जमलं. पण सही झाल्यावर ती नस्ती बंद केली, की तिची तीस वर्षं कराराबरोबरच संपणार. म्हणजे नेमकी हस्तांतरणाची (प्रकल्प कंपनीकडून परत ताब्यात घेण्याची) भांडणं सुरू होतील तेव्हा. लवादाची प्रकरणं त्यानंतरही चालतात. करार, निविदा, आर्थिक प्रारूप आणि हस्तांतरण ही सगळी कागदपत्रं ‘अ’ वर्गात घालण्याची टिपणी या महिन्यातच सादर करा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) तर सांगतंच की अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवा. टिपणीत हे दोन संदर्भ दिलेत की वर कुणी ‘याची गरज काय’ असा शेरा मारणार नाही.

आता तारखांकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००५ च्या बदली कायद्याने शासकीय अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. म्हणजे तीस वर्षांच्या करारापायी तुमच्या खुर्चीवर दहा माणसं बसून जाणार. समोर कंपनीचा वकील बहुतेक वेळा तोच, फायली त्याच, आणि त्याच्या संगणकात प्रत्येक कलमाची तारीख आधीच घातलेली. आपण हरतो ते बहुधा कायद्याच्या मुद्द्यावर नाही, दिवस मोजण्यात हरतो.

मी एका कार्यालयात असताना बँक गॅरंटी संपून गेली होती. शुक्रवारी संपली, आम्हाला मंगळवारी कळलं. गॅरंटीचा मूळ कागद लेखा शाखेच्या लोखंडी कपाटात होता, कारण ती ‘मौल्यवान’ वस्तू. करार आमच्या शाखेत होता, कारण तो ‘तांत्रिक’. मुदतवाढ मागा असं पत्र लेखा शाखेने पाठवलं होतं. ते आमच्या आवकमध्ये नोंदलं गेलं, त्यावर ‘कार्यवाहीस्तव’ असा शिक्का बसला आणि ते एका रजेवर असलेल्या माणसाच्या टेबलावर अकरा दिवस पडून राहिलं. मग तातडीची बैठक, खुलासे, ‘यापुढे दक्षता घ्यावी’. बैल गेला नि झोपा केला. रक्कम पुढे मिळाली, पण ती कंपनीच्या चांगुलपणामुळे, आमच्यामुळे नव्हे. आणि त्या चांगुलपणाची किंमत तिने नंतर दुसऱ्या एका बाबतीत वसूल केली.

याला नवं काही शोधायची गरज नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी सहा गठ्ठे पद्धत (कचेरीतले कागद सहा गठ्ठ्यांत वाटून ठेवण्याची) बसवली, ती आपण सगळे प्रशिक्षणात शिकलो आणि विसरलो. तिच्यातला तिसरा गठ्ठा आठवतो? नियतकालिकांचा. ठरावीक तारखेला ठरावीक गोष्ट जायलाच हवी, त्याचा. तुमच्या करारांना नेमका तो तिसरा गठ्ठा नाही. आणि चौथा, स्थायी आदेशांचा, तोही नाही. हे दोन बांधा. तुमचं निम्मं ‘नॉलेज मॅनेजमेंट’ झालं.

साध्या एक्सेलमध्ये करा. एका ओळीत एक कलम. काय करायचं, कुणी करायचं, किती दिवसांत, ते दिवस कशापासून मोजायचे, केल्याचा पुरावा कुठल्या नस्तीच्या कुठल्या पानावर, आणि न केल्यास काय होतं. यातले दोन रकाने लोक हटकून गाळतात. एक, ‘दिवस कशापासून मोजायचे’: नोटीस लिहिल्याच्या तारखेपासून, पाठवल्याच्या की मिळाल्याच्या? करारात हे दर कलमाला वेगळं असू शकतं. दुसरा, ‘न केल्यास काय’. बऱ्याच करारांत एखाद्या परिशिष्टाच्या कोपऱ्यात असं वाक्य असतं, की प्राधिकरणाने (म्हणजे आपण) अमुक दिवसांत आक्षेप न नोंदवल्यास ते मान्य असल्याचं समजण्यात येईल. आपल्या कचेरीत गप्प बसणं म्हणजे ‘विचाराधीन’. करारात गप्प बसणं म्हणजे ‘हो’. अशी सगळी वाक्यं लाल करा आणि त्यांची वेगळी यादी साहेबांच्या काचेखाली ठेवा.

हा तक्ता करायला एका करारामागे चार-पाच दिवस लागतील. सल्लागाराला देऊ नका, स्वतः करा. तुमच्याकडे नवीन कनिष्ठ अभियंता असेल तर त्याला जोडीला घ्या. करार वाचायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

एक मुदत तर तुमच्या करारात लिहिलेलीही नसेल, ती कायद्यातली आहे. लवादाचा निवाडा विरुद्ध गेला तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालयात आव्हान द्यायला तीन महिने मिळतात, आणि पुरेसं कारण असेल तर वर फक्त तीस दिवस. त्यापुढे न्यायालयालाही सवलत देता येत नाही. आपल्याकडे विधी शाखा, सरकारी वकील, मंत्रालय, पुन्हा विधी शाखा असा प्रवास होतो, त्यात नव्वद दिवस कसे जातात ते तुम्ही पाहिलंच असेल. ही मुदत लवादाने सही केलेली प्रत पक्षकाराला दिल्यापासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा निवाडा हातात पडला की आवकचा शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव, यात हयगय नको. लिफाफासुद्धा जपून ठेवा.

पत्रव्यवहाराबद्दल. तुमचं ते २०११ चं पत्र भलत्याच नस्तीत का होतं, माहिती आहे? कारण आपल्या नस्त्या विषयाने चालतात आणि करार कलमाने चालतो. एकच पत्र ‘भूसंपादन’, ‘वेळवाढ’ आणि ‘विधानसभा तारांकित प्रश्न’ अशा तिन्ही नस्त्यांत जायला हवं असतं, पण ते एकीत जातं, बहुधा ज्या नस्तीची त्या दिवशी घाई होती तिच्यात. ई-ऑफिसनेही हे बदलत नाही, फक्त कागद हरवण्याऐवजी पीडीएफ हरवते. म्हणून प्रत्येक करारासाठी एक पत्रवही काढा: क्रमांक, तारीख, कुणाकडून, कलम कोणतं, एका ओळीत काय म्हटलंय, आपण काय उत्तर दिलं, मूळ कुठे आहे. मागची सगळी पत्रं नोंदवत बसलात तर मे उजाडेल. अण्णांना विचारून महत्त्वाची पन्नास काढा आणि आजपासूनचं प्रत्येक पत्र त्याच दिवशी चढवा.

इतिवृत्तावर तर नजर ठेवाच. बैठक आपल्या कार्यालयात, चहा आपला, आणि इतिवृत्त पाठवतं कोण, तर कंपनीचा माणूस. ‘चर्चेनुसार प्राधिकरणाने मान्य केले की…’ आपण ते वाचत नाही, दाखल करतो. पाच वर्षांनी तोच कागद लवादापुढे पुरावा म्हणून येतो. इतिवृत्त आपणच लिहायचं, तीन दिवसांत. त्यांचं आलं आणि चुकीचं असलं तर त्याच आठवड्यात लेखी नकार. साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओके सर’ लिहिणाऱ्या शाखा अभियंत्यांनाही एकदा समोर बसवून समजावा. अंगठ्याचं चित्रसुद्धा कुणीतरी उद्या छापून आणू शकतं.

कागदाची किंमत किती असते हे बघायचं तर दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं प्रकरण वाचा. २००८ चा करार. मार्ग सुरू झाला २०११ मध्ये. उन्नत मार्गावरच्या दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये गाडी थांबली. कंपनीने दोष नव्वद दिवसांत दूर करा अशी नोटीस दिली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपवल्याचं कळवलं. जानेवारी २०१३ मध्ये मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र मिळालं आणि गाडी पुन्हा धावली. तरी २०१७ मध्ये लवादाने दिल्ली मेट्रो महामंडळाच्या विरोधात सुमारे २,७८२ कोटींचा निवाडा दिला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. व्याज चढत गेलं. शेवटी १० एप्रिल २०२४ ला उपचारात्मक याचिकेत (सर्वोच्च न्यायालयापुढचा अगदी शेवटचा उपाय), जी सहसा कुणाची यशस्वी होत नाही, तो निवाडा रद्द झाला. कळीचा मुद्दा काय? लवादाने ते आयुक्तांचं प्रमाणपत्र विचारातच घेतलं नव्हतं. नव्वद दिवसांत दुरुस्तीची परिणामकारक पावलं उचलली गेली का, याची नीट मीमांसा केली नव्हती.

हे वाचून स्वतःला विचारा: उद्या तुमच्या वाहनतळावर अशी नोटीस आली, तर पहिल्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत आपण काय काय केलं हे तारीखवार, फोटोसकट दाखवता येईल? नोटीस आली त्याच दिवशी तिची स्वतंत्र नस्ती उघडायची आणि रोज एक ओळ लिहायची. रविवारीही. असा स्थायी आदेशच काढून घ्या, चौथ्या गठ्ठ्यात घाला.

पैशाच्या हिशेबाबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. करार करताना सल्लागाराने एक आर्थिक प्रारूप केलेलं असतं: वाहनं किती, वाढ किती, व्याज किती, म्हणून मुदत इतकी वर्षं. ते तुमच्याकडे आहे का बघा. बहुधा असेल, छापील, ताव पिवळे पडलेले. ते बिनकामाचं. सूत्रं चालू असलेली एक्सेल फाइल हवी. सल्लागार अजून धंद्यात असेल तर लेखी मागा, नाहीतर कंपनीच्या वार्षिक लेख्यांवरून स्वतः मांडा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये खरे आकडे भरून बघा.

नोएडाच्या टोल पुलाचं उदाहरण घ्या. १९९७ चा करार, २००१ मध्ये पूल सुरू. कंपनीला वर्षाला वीस टक्के परतावा, आणि एखाद्या वर्षी कमी पडला तर ती तूट पुढच्या वर्षीच्या प्रकल्पखर्चात मिळवायची. सुमारे चारशे कोटींचा पूल, आणि ‘वसूल व्हायची बाकी’ रक्कम वर्षागणिक फुगत हजारो कोटींवर गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ते सूत्र गुप्त नव्हतं, करारातच होतं. एखाद्या लेखापालाने दहा ओळी खाली ओढून बघितल्या असत्या तर पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसलं असतं. आपल्याकडे कोल्हापुरात टोल आंदोलन पेटलं तेव्हा झालेल्या कामांचं मोल ठरवायला फेरमूल्यांकन समिती नेमावी लागली. मोजमाप पुस्तकं दोन्ही बाजूंच्या सहीने वेळच्या वेळी पूर्ण ठेवली, तर निदान किती बांधलं यावर तरी भांडण उरत नाही.

आता अण्णांच्या भीतीकडे वळतो. तिला हसू नका. ‘लिहिलं की अडकलो’ हे ते उगीच म्हणत नाहीत. त्यांनी बघितलंय: ज्याने स्पष्ट मत लिहिलं त्याला चौकशीला बोलावलं, ज्याने ‘उचित निर्णयार्थ सादर’ लिहिलं तो सुखाने निवृत्त झाला. विजय केळकर समितीने २०१५ च्या पीपीपी अहवालात हीच नस पकडली होती. प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार यांत फरक करा, नाहीतर अधिकारी निर्णयच घेणार नाहीत, असं तिने म्हटलं. पुढे २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि हेतू न बघताच ‘लोकहित नसताना दुसऱ्याला लाभ मिळवून दिला’ म्हणून अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरवणारं कलम गेलं. अण्णांना हे सांगा. पण कायद्याने भीती जात नाही, हेही मला ठाऊक आहे.

म्हणून त्यांना सही करायला सांगू नका. ते बोलतील, तुम्ही लिहा, आणि टिपणीवर तुमची सही: ‘उपलब्ध अभिलेख व कक्षातील चर्चेवरून तयार केलेली पार्श्वभूमी टिपणी’. त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. कागदावर सापडलेलं एका बाजूला, पान क्रमांकासह. नुसतं ऐकलेलं दुसऱ्या बाजूला, ‘यास कागद आढळला नाही’ असं स्वच्छ लिहून. कुणाला दोष द्यायचा नाही, विशेषणं नाहीत. अशी टिपणी उद्या माहिती अधिकारात गेली तरी बिघडत नाही. चालू वादातला वकिलाचा सल्ला आणि तडजोडीचे आकडे मात्र या टिपणीत येऊ देऊ नका, त्यांची नस्ती वेगळी. माझा अनुभव असा, की माणसाला वाचवते ती त्या दिवशी लिहिलेली टिपणी. आठ वर्षांनी चौकशी अधिकाऱ्यापुढे आठवून सांगितलेलं कुणी ऐकून घेत नाही.

टिपणीत एक प्रश्न जरूर घ्या: हा करार कुठल्या कायद्याखाली झाला आणि नंतर तो कायदा बदलला का? मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा २००७ चा करार बघा. करारात भाडं ९, ११ आणि १३ रुपये. २०१४ मध्ये गाडी सुरू होताना कंपनीने १० ते ४० ठरवलं, आणि भाडं करारातल्या कलमाने ठरायचं की मेट्रो कायद्याने, यावर न्यायालयात वर्षं गेली. तुमच्या बसस्थानकाच्या करारातही असं एखादं कलम झोपलेलं असेल.

पोर्टलचं काय? साहेबांना थेट नाही म्हणू नका. ‘मजकूर तयार होईपर्यंत थांबू या’ म्हणा. पोर्टल हे कपाट आहे, रिकामं कपाट सजवून काय करायचं? सादरीकरणात सल्लागाराला दोनच प्रश्न विचारा: तुमची मुदत संपल्यावर यात माहिती कोण भरणार, आणि माहिती बाहेर काढायची झाली तर ती साध्या एक्सेल आणि पीडीएफमध्ये निघेल का? दुसऱ्या प्रश्नाला तो जरा अडखळला तर उत्तर मिळालं. तोवर कार्यालयाच्या सर्व्हरवर एक फोल्डर, प्रत्येक कराराला एकसारखी नावं आणि महिन्यातून एकदा प्रत काढणं, एवढं पुरेल.

त्यापेक्षा चार्जची पद्धत बदलून घ्या, ते फुकट आहे. आज चार्ज देताना यादीत काय असतं? किल्ल्या, शिक्के, लॅपटॉप, डेड स्टॉक. करार नसतो. प्रत्येक कराराचा एक पानी चार्ज सुरू करा: पुढच्या सहा महिन्यांतल्या तारखा, न सुटलेले वाद, तोंडी दिलेले शब्द, बँक गॅरंटी कुठे आणि कधीपर्यंत. तो दिल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, एवढं साहेबांच्या सहीने परिपत्रक निघालं की झालं. पहिला चार्ज तुमचाच असेल, तुम्हालाही दीड वर्ष झालंय. त्यात एक ओळ अशी घाला: २००६ चा करार २०३६ मध्ये संपतो, हस्तांतरणाची तयारी २०२९ पासून. ब्रिटनमध्ये असे शेकडो करार आता संपत आलेत आणि तिथल्या सरकारचा सल्ला किमान सात वर्षं आधी सुरुवात करा असा आहे, कारण इमारतीची खरी अवस्था काय हेच अनेक ठिकाणी सरकारी बाजूला माहीत नसतं. शेवटच्या दोन वर्षांत कंपनी पुलावर रंगाचा हातही मारत नाही, हे सांगायला ब्रिटनला जावं लागत नाही म्हणा.

आणि शेवटच्या बुधवारी अण्णांना त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडायला सांगा. प्रत्येक अण्णांचा असतो. कुठल्याच नस्तीत न लागलेली पत्रं, सही राहिलेलं एखादं इतिवृत्त, जुन्या साहेबांची पेन्सिलीतली चिठ्ठी. ते घरी नेतील किंवा फाडून टाकतील, दोन्ही काळजीपोटीच. त्या कागदांची त्यांच्यासमोर यादी करा, आवकमध्ये आजच्या तारखेने चढवा, ‘अमुक कपाटात आढळले’ असा शेरा मारा. कुणी कितीही म्हणालं तरी मागची तारीख टाकू नका.